ड्युटीचा तक्ता, चिडचिड आणि पीएचक्यू-९ : पुरुषांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करण्याआधी

पेटची किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली एक विषय वारंवार येतो : कामाच्या ठिकाणी पुरुषांचं मानसिक आरोग्य. विषय चांगलाच आहे. पण सोबत आलेला सिनॉप्सिस उघडला की बहुतेक वेळा तोच साचा दिसतो. पुरुष बोलत नाहीत, म्हणून त्यांना बोलतं करायला हवं. त्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली, अंधेरीतल्या दोन-तीन आयटी कंपन्यांतले तीनशे कर्मचारी, एसपीएसएसमध्ये टी-टेस्ट, आणि शेवटी ‘कंपन्यांनी समुपदेशनाची सत्रं घ्यावीत’ ही शिफारस. एवढीच शिफारस करायची तर तीनशे माणसांचा वेळ कशाला घ्यायचा? ती तर पहिल्या पानावरच ठरलेली आहे.

माझं म्हणणं असं की पुरुषाला ‘कसं वाटतंय’ विचारून त्याचा ताण सापडेलच याची खात्री नाही, आणि ‘मोकळं बोल’ असं सांगून तो कमी होईल याची तर त्याहून नाही. कामाचे तास, पाळी, प्रवास, वरिष्ठांचं वागणं हे आधी बघायला हवं. यासाठी परदेशातच उदाहरण शोधायला पाहिजे असंही नाही. आपल्याच पूर्व उपनगरात, देवनार पोलीस ठाण्यात, २०१६ साली एक प्रयोग झाला. त्याच्याकडे येतोच. आधी आकडे, कारण सिनॉप्सिसमधली गडबड तिथूनच सुरू होते.

आकडे कसे वाचायचे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा अहवाल काढतो. २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यात पुरुष १,२२,७२४ आणि स्त्रिया ४८,१७२. म्हणजे शंभरात जवळपास बहात्तर पुरुष. राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २२,७४६. व्यवसायानुसार पाहिलं तर रोजंदारीवर काम करणारे २६.४ टक्के, म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त.

हा बहात्तरचा आकडा व्हॉट्सॲपवर ‘बघा, खरा अन्याय कोणावर होतो’ अशा सुरात फिरतो. तुम्ही त्या सुरात लिहू नका. २०१६ सालच्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के, तर पुरुषांच्या आत्महत्यांपैकी २४.३ टक्के एकट्या भारतातल्या होत्या. जगाशी तुलना केली तर आपल्याकडच्या स्त्रियांची स्थितीही भयंकर आहे. पुरुषांचा प्रश्न गंभीर आहे हे सांगायला स्त्रियांचा प्रश्न छोटा करावा लागत नाही.

आता याच अहवालातला ‘कारण’ हा रकाना बघा. २०२२ मध्ये सर्वांत मोठं कारण ‘कौटुंबिक समस्या’, ३१.७ टक्के. दुसरं आजारपण, १८.४ टक्के. नोकरी-व्यवसायाशी संबंधित समस्या या नावाचा रकाना अगदी किरकोळ. मग कामाचा काही संबंधच नाही असं म्हणायचं? हा रकाना पोलीस तपासावरून भरला जातो आणि एका मृत्यूसमोर एकच कारण लिहिलं जातं. घाटकोपरच्या एखाद्या वर्कशॉपमधल्या माणसाचा पगार तीन महिने थकला, त्याने उधारी केली, उधारीवरून घरात भांडणं सुरू झाली, तो प्यायला लागला. यातलं कोणतं एक कारण लिहाल? घरातल्यांना विचारलं तर ते भांडणच सांगतील, कारण त्यांनी तेच पाहिलंय. कारणांची साखळी असते आणि तक्त्यात तिची शेवटची कडी तेवढी उरते. एनसीआरबीचे आकडे वापरा, जरूर वापरा, पण ‘कारण’ या रकान्यावर प्रबंधाचा इमला उभा करू नका.

दुसरा नेहमीचा स्रोत म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. बारा राज्यं, ३४,८०२ प्रौढ. पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असलेले १०.६ टक्के. पुरुषांत १३.९ आणि स्त्रियांत ७.५ टक्के. पण नैराश्य आणि चिंता वेगळी काढली की चित्र उलटतं, स्त्रिया पुढे जातात. पुरुषांचा एकूण आकडा वर जातो त्यात दारूच्या व्यसनाचा मोठा वाटा आहे. आणि हो, त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही ‘निम्हान्सच्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात’ अशी सुरुवात करणारे सिनॉप्सिस येत राहतात. गाईडच्या नजरेतून हे सुटेल, व्हायव्हाच्या दिवशी सुटणार नाही.

तर कोडं असं आहे. नैराश्य स्त्रियांमध्ये जास्त, आत्महत्या पुरुषांमध्ये जास्त. दोन्ही आकडे खरे असतील तर मधलं काहीतरी आपल्याला दिसत नाहीये.

आपण नेमकं काय मोजतोय?

पीएचक्यू-९ तुम्हाला माहीत असेल. २००१ साली क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ती मांडली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारणपणे १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी करायची. छोटी आहे, मोफत आहे, मराठीत उपलब्ध आहे, म्हणून सगळे वापरतात. उदासी, रस न वाटणं, झोप, थकवा, भूक, अपराधीपणा, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थता, आणि जगणं नको वाटणं. यात राग नाही. चिडचिड नाही. दारू नाही. बाईक सुसाट हाणणं नाही. रात्री दहापर्यंत मुद्दाम ऑफिसात बसून राहणं नाही.

स्वीडनच्या गॉटलँड बेटावर १९८३-८४ मध्ये सगळ्या जनरल डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. वोल्फगांग रुट्झ आणि सहकाऱ्यांचं हे काम. बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या, पण बारकाईने पाहिल्यावर कळलं की कमी झाल्या त्या जवळजवळ सगळ्या स्त्रियांच्या. पुरुषांच्या आकड्यावर परिणाम नव्हता. डॉक्टर जे ओळखायला शिकले होते ते घेऊन पुरुष दवाखान्यात येतच नव्हते. आले तर वेगळ्या रूपात येत होते, चिडलेले, पिणारे, पोलिसांशी भांडण झालेले. यातून पुढे पुरुषांसाठी तेरा प्रश्नांची वेगळी गॉटलँड मोजपट्टी तयार झाली.

दुसरा अभ्यास २०१३ चा, जामा सायकिॲट्री मधला. मार्टिन, नेबर्स आणि ग्रिफिथ यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाची जुनीच माहिती पुन्हा तपासली. नेहमीच्या लक्षणांसोबत रागाचे झटके, व्यसन, धोके पत्करणं, चिडचिड हीसुद्धा धरली. तेव्हा नैराश्याचं प्रमाण पुरुषांत ३०.६ टक्के आणि स्त्रियांत ३३.३ टक्के निघालं. दोघांतला नेहमीचा फरक जवळजवळ पुसला गेला.

इथे सावध राहायला हवं. राग धरला की आकडा वाढणारच, मोजपट्टीत जे घालाल ते वर येणार. प्रत्येक चिडका माणूस नैराश्यात आहे असं यातून सिद्ध होत नाही, आणि घरात हात उचलणाऱ्याला हे निमित्त तर मुळीच मिळता कामा नये. एवढं मात्र म्हणता येतं की फक्त पीएचक्यू-९ वापरून ‘आमच्या नमुन्यातले पुरुष तुलनेने बरे आहेत’ असा निष्कर्ष काढणं कच्चं आहे.

मुलाखतींमध्ये हे फार पटकन लक्षात येतं. अंधेरी एमआयडीसीत चहाच्या टपरीवर उभं राहून ‘तुम्हाला निराश वाटतं का’ असं विचारा. उत्तर येईल, ‘छे, तसं काही नाही’. ‘झोप कशी लागते’ असं विचारा, माणूस वीस मिनिटं बोलतो. ॲसिडिटी, मानेचं दुखणं, साहेबाचा रात्री साडेअकराचा मेसेज, बायकोवर उगाच ओरडणं, सगळं त्यात येतं. ‘नैराश्य’ हा शब्द आपल्या बोलण्यातला नाहीच. बोलण्यातला शब्द ‘टेन्शन’. ‘डोकं फिरलंय’, ‘डोक्याला शॉट’, ‘काही सुचत नाही’. लेस्ली जो वीव्हर या अभ्यासिकेने उत्तर भारतातल्या स्त्रियांच्या ‘टेन्शन’वर चांगलं काम केलंय. मराठी पुरुषांच्या ‘टेन्शन’चा असा अभ्यास हा एखाद्या प्रबंधाचा पहिला टप्पा होऊ शकतो : आधी वीस-पंचवीस सविस्तर मुलाखती, त्यातून शब्द, मग मोजपट्टी. आपण नेमकं उलटं करतो, मोजपट्टी आधी घेतो आणि माणसं तिच्यात बसवतो.

तासाभराचा प्रवास कुठल्या रकान्यात टाकायचा?

कामाचा ताण समजून घ्यायला रॉबर्ट कारासेक यांचं १९७९ चं मॉडेल अजूनही कामाचं आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे : कामाचा रेटा किती आणि त्या कामावर तुमचा स्वतःचा ताबा किती, हे दोन्ही एकत्र पाहा. रेटा जास्त आणि ताबा कमी, ही सगळ्यात वाईट जोडी. सर्जनवर रेटा असतो, पण निर्णय त्याचे असतात. कॉल सेंटरमधल्या मुलावरही रेटा असतो, आणि त्याला लघवीला जायचं तरी विचारून जावं लागतं. गंमत म्हणजे कारासेक यांचा हा मूळ अभ्यास स्वीडन आणि अमेरिकेतल्या पुरुष कामगारांच्या माहितीवरच बेतलेला होता. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला तोही फक्त पुरुषांचा. म्हणजे पुरुषांचा अभ्यास झालाच नाही असं नाही. माणूस म्हणजे पुरुष असं धरून तो झाला, आणि ‘पुरुष असणं’ याचा कामाशी काय संबंध, हे विचारायचं राहून गेलं.

१९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी या मॉडेलला तिसरी बाजू जोडली : आधार. सहकाऱ्यांचा, वरिष्ठांचा. हे आपल्या उपनगरांना लावून पाहिलं की मजा येते.

बोरिवलीचा माणूस चर्चगेटला कामाला जातो. त्याचा ताण कामावर सुरू होत नाही, प्लॅटफॉर्मवर सुरू होतो. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायची चूक तो पहिल्या आठवड्यातच विसरतो. सकाळची गाडी चुकली की मस्टरवर लेट मार्क. रेटा भरपूर, ताबा शून्य. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर सकाळी नऊला उभं राहिलं की कारासेकचा आलेख डोळ्यांनी दिसतो. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा पूर्व-पश्चिम प्रवास सुटसुटीत झाला, आणि घाटकोपर स्थानक तुंबलं. तरी प्रवास हा बहुतेक प्रबंधांत ‘लोकसंख्याविषयक माहिती’ या तक्त्यात एका ओळीत संपतो.

पण त्याच गाडीत ‘ग्रुप’ही असतो. वर्षानुवर्षं तीच गाडी, तोच डबा, तीच माणसं. कुणी भजन म्हणतं, कुणी पत्ते कुटतं, दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होते, कुणी रिटायर झालं की डब्यातच पेढे. मुलाच्या ॲडमिशनपासून बायकोच्या ऑपरेशनपर्यंत सगळं इथे बोललं जातं. पुरुष बोलत नाहीत म्हणतात ना, ते इथे बोलतात. समोरासमोर बसून ‘आता तुमच्या भावना सांगा’ असं कुणी म्हणत नाही म्हणूनच कदाचित बोलतात. मग घरून काम सुरू झालं, ऑफिस बीकेसीहून ऐरोलीला गेलं किंवा नोकरीच सुटली, तर पगारासोबत हा आधारही जातो. ग्रुप असलेले आणि नसलेले प्रवासी यांच्या ताणात फरक आहे का? हा प्रश्न कमी खर्चात, एका विद्यार्थ्याला झेपेल असा आहे, आणि मुंबईबाहेर कुणाला सुचणार नाही.

कमी रेटा आणि कमी ताबा हे कारासेकचं आणखी एक घर, त्याला ते निष्क्रिय काम म्हणतात. मुलुंड-भांडुपला एलबीएस मार्गावर जिथे कारखाने होते तिथे आता टॉवर आहेत आणि टॉवरच्या गेटवर बारा-बारा तास बसलेला वॉचमन. खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्यात १९८१ पासून कायदा आणि मंडळ आहे, पण कंत्राटी एजन्सीचा रक्षक तुमच्या नमुन्यात येतो का? कंपनीच्या एचआरकडून यादी घेतलीत तर नाही येणार. तो त्या कंपनीचा कर्मचारीच नाही.

यादीतून आणखी एक जण गळतो : ज्याला ताण सहनच झाला नाही आणि ज्याने नोकरी सोडली. व्यवसायजन्य आरोग्याच्या अभ्यासात याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. कामावर हजर असलेल्यांनाच विचारलं की कामाची जागा असते त्यापेक्षा बरी दिसते. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांतले निदान पंधरा-वीस जण शोधून त्यांच्याशी बोला.

देवनारचा तक्ता

आता पोलीस. मुंबईत पोलीस शिपायाची ड्युटी बारा तासांची, आणि बंदोबस्त लागला की किती तासांची ते कुणीच सांगू शकत नाही. गणपती, नवरात्र, निवडणूक, मोर्चा. घर डोंबिवली-बदलापूरला असेल तर प्रवासाचे तीन तास वेगळे. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावर ठरलेलं उत्तरही होतं : मनुष्यबळ नाही, आठ तासांच्या तीन पाळ्या परवडणार नाहीत.

देवनार पोलीस ठाण्यात काम करणारे रवींद्र पाटील यांनी हे उत्तर मान्य केलं नाही. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. आहे त्याच माणसांत आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील, त्याचा तक्ता तयार केला आणि तो वरपर्यंत पाठवला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो वाचून बाजूला ठेवला नाही, आणि मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यातच प्रायोगिक तत्त्वावर आठ तासांची ड्युटी सुरू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने ती शहरातल्या इतर ठाण्यांत नेली गेली.

या गोष्टीत समुपदेशक नाही, योगासनांचं शिबिर नाही, ‘ताणमुक्त जीवन’ असं व्याख्यानही नाही. तासांचा तक्ता बदलला. आणि तो बदलला खालच्या माणसाने, ज्याला कुठल्या पॉइंटवर किती माणसं लागतात हे वरिष्ठांपेक्षा चांगलं माहीत होतं. कारासेकच्या भाषेत रेटाही हलला आणि ताबाही. मुंबईला ही परंपरा जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं लढून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हा कुणी त्याला मानसिक आरोग्य म्हटलं नव्हतं, पण आठवड्यातला एक दिवस आपला असणं म्हणजे दुसरं काय?

यानंतरचा एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायचा आदेश काढला. निर्णय योग्यच होता. त्यामागचं कारण घर आणि नोकरी दोन्ही सांभाळताना होणारी ओढाताण हे होतं. पण यात न बोललेलं एक गृहीतक आहे, घर ही बाईची गोष्ट. विश्रांती हवी ती घरकामासाठी, म्हणून ती बाईला. पुरुषाला घर नाही, मुलाचा अभ्यास नाही, आजारी आई नाही, असं धरलं की त्याला बारा तास उभं करायला हरकत उरत नाही. यात दोघांचंही नुकसान आहे : ती आठ तासांनंतर दुसऱ्या ड्युटीवर जाते, आणि तो घरी फक्त झोपायला येतो. पुरुषांच्या मानसिक आरोग्याचा विषय स्त्रियांच्या कामाच्या विषयापासून तोडता येत नाही तो असा.

आता संशोधक म्हणून विचार करा. ‘आठ तासांमुळे पोलिसांचं मानसिक आरोग्य सुधारलं’ हे वाक्य लिहायला तुमच्याकडे काय पुरावा लागेल? देवनारची ही प्रशासकीय सुधारणा होती. नुसतं आधी आणि नंतर विचारलं तर अडचण येते. सणांचा मोसम आणि पावसाळा यांतच ड्युटीचा फरक असतो, शिवाय नवीन काही मिळालं की पहिले दोन महिने सगळेच खूश असतात. अशा वेळी उपयोगी पडते स्टेप्ड वेज नावाची मांडणी. १९८७ साली गांबियातल्या हेपेटायटिस लसीच्या अभ्यासात ती गाजली. कल्पना अशी : सुधारणा सगळ्यांनाच द्यायची आहे, पण एकदम देता येत नाही. मग दर दोन महिन्यांनी काही ठाणी घ्या आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या ठाण्यांत मोजणी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ज्यांची पाळी यायची आहे ती ठाणी तोवर तुलनेसाठी उपयोगी पडतात. कुणी कायमचं वंचित राहत नाही, त्यामुळे नैतिक अडचणही कमी. नव्वदहून जास्त ठाण्यांच्या शहरात टप्प्याटप्प्याने जाणारी कुठलीही सुधारणा या मांडणीत चपखल बसते. पुढच्या वेळी एखादी संस्था ‘आम्ही हळूहळू सगळीकडे लागू करणार आहोत’ म्हणाली, की तुम्ही चिठ्ठ्या घेऊन हजर राहा.

इथे नमुन्याचा हिशेबही बदलतो. दहा ठाण्यांतले प्रत्येकी तीस असे तीनशे पोलीस म्हणजे तीनशे स्वतंत्र माणसं नाहीत. एका ठाण्यातले लोक एकाच वरिष्ठाखाली, एकाच भागात काम करतात, त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. हे साम्य ०.०५ इतकंच धरलं तरी गुणक होतो १ + २९ × ०.०५, म्हणजे २.४५. तीनशेला २.४५ ने भागा. तुमच्याकडे प्रत्यक्षात १२२ माणसांइतकीच माहिती आहे. कंपन्या, शाळा, डेपो, सगळीकडे हेच लागू.

आणि मोजायचं काय? फक्त प्रश्नावली नको. झोपेचे तास, रक्तदाब, आजारपणाच्या रजा, बदलीचे अर्ज. पुरुष प्रश्नावलीत ‘ठीक’ लिहितो, रक्तदाबाच्या यंत्रासमोर त्याला तसं करता येत नाही.

व्याख्यानं आणि ॲप्सचं काय?

विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. माइंडफुलनेस, ताण-व्यवस्थापन, झोपेची ॲप्स अशा वैयक्तिक पातळीवरच्या उपक्रमांत भाग घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. स्वयंसेवी कामाचा तेवढा अपवाद. हा एका वेळच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे आधीच त्रासलेली माणसंच अशा सत्रांना गेली असतील ही शंका उरते. लेखकानेही ती हाताळण्याचा प्रयत्न केलाय. तरी समुपदेशनाची शिफारस डोळे झाकून लिहिण्याआधी हा पेपर वाचाच.

उलट बाजूचंही एक उदाहरण पोलिसांमधलंच आहे. कॅनडातल्या माँट्रियल पोलीस दलात १९९७ पासून आत्महत्या रोखण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सगळ्या पोलिसांना अर्धा दिवस प्रशिक्षण, पर्यवेक्षकांना पूर्ण दिवस, पोलिसांसाठी वेगळी फोनलाइन आणि दलात प्रसिद्धी. मिशारा आणि मार्टिन यांनी २०१२ मध्ये बारा वर्षांचा हिशेब मांडला : आत्महत्येचं प्रमाण ७९ टक्क्यांनी घटलं, तर त्याच काळात क्वेबेकमधल्या इतर पोलीस दलांत घटलं नाही. म्हणजे बोलणं निरुपयोगी नाही. पण तिथे पर्यवेक्षकाला शिकवलं होतं, सहकाऱ्याला शिकवलं होतं, आणि कार्यक्रम बारा वर्षं चालू होता. आपल्याकडे १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एक तासाचं व्याख्यान होतं. समोशासकट.

परवानगीला जाण्याआधी

एचआरमार्फत मुलाखती घेणार असाल तर उत्तरं एचआरसाठीच मिळतील, हे गृहीत धरा. शक्य असेल तर कामाच्या जागेबाहेर भेटा. नाव, विभाग, पद आणि वय या चार गोष्टी एकत्र आल्या की छोट्या कंपनीत माणूस ओळखू येतो, त्यामुळे नाव काढून टाकलं म्हणजे गोपनीयता झाली असं नाही. वयाचे मोठे गट करा, विभाग गाळा. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा आणि कंपनीला व्यक्तीनिहाय माहिती दिली जाणार नाही हे त्यात स्पष्ट लिहा. २९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ एकदा नीट वाचून काढा. गोपनीयतेचा हक्क, विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरावेत ही तरतूद, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानणारं कलम ११५, हे तिन्ही तुमच्या विषयाला थेट लागतात.

पीएचक्यू-९ वापरलीत तर नववा प्रश्न जगणं नको वाटण्याबद्दलचा आहे. त्याला शून्याशिवाय दुसरं उत्तर आलं तर काय करायचं, हे डेटा गोळा करायला जाण्याआधी लिहून एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. उत्तरपत्रिका त्याच दिवशी बघायच्या, आठवड्याने एन्ट्री करताना नाही. कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणार हे त्यांच्याशी आधी बोलून ठरवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो प्रत्येक सहभागी माणसाच्या हातात द्यायच्या कागदावर छापा, प्रश्नावलीला काहीही उत्तर आलेलं असो. आणि मुलाखती घेणारे तुम्ही स्वतः असाल, दिवसाला चार-चार जणांचं ऐकत असाल, तर तो कागद स्वतःजवळही ठेवा.